घोट्यावरची लाली

कोणी हे वाचलंच, तर आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. पण लिहिते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दर्यापूरच्या रस्त्याला आमची भाजीची वाडी आहे. वांगी तोडताना बोटांना काटे लागतात, म्हणून सासूबाईंजवळ लाल औषधाची बाटली कायम असायची. खरचटलं, कापलं, लेकरू पडलं, की तेच. जितकं लाल, तितका गुण, असं घरात सगळेच मानत.

यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. सासूबाईंनी तो सुईने काढला आणि रोज लाल औषध लावू लागल्या. पाऊल कुंकवात बुडवल्यासारखं झालं. ठणका वाढला, तरी हे म्हणायचे, "औषध लागून राहिलं, म्हणून दुखते."

एका सकाळी चहा द्यायला गेले, तर घोट्याच्या वरही लाल. हात लावला, तव्यासारखं गरम.

"ओघळलं असन वो," सासूबाई म्हणाल्या.

घरात मी फार बोलत नाही. तेव्हा बोलले. "आई, औषध खालतं ओघळते. वरतं कावून चढन?"

त्यांनी स्वतः घोट्याला हात लावून पाहिला. मग लेकाला म्हणाल्या, "ऊठ बाप्पा. तुही मुकी बायको बोलली, म्हणजे खरंच काही असन."

ज्या अडत्याकडे भाजी घालतो, त्याच्याकडे मी स्वतः जाऊन पुढच्या मालावर उचल मागितली आणि यांना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "या लाल औषधात पारा असतो. आता आम्ही ते वापरत नाही. त्याच्या रंगाखाली जखम चिघळली तरी दिसत नाही. अजून थांबला असता, तर पाय गेला असता."

"पारा तं ताप पाहाच्या कांडीत असते!" सासूबाई दचकल्या. "मंग लेकरायले काय लावू?"

"आधी साबण आणि स्वच्छ पाणी, आजी."

"एवढे शिकले, अन् साबण सांगते!"

चिरा दिला, पू निघाला. पाय वाचला. बाटली सासूबाईंनी स्वतःच काढून टाकली.

हंगामभर आमच्या मालाच्या पैशातून अडत्या थोडे थोडे कापून घेत होता. परवा हे स्वतः वांग्यांचं पोतं खांद्यावर घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्याच्या दुकानाच्या पायऱ्या चढले. अडत्याने शेवटची रक्कम कापली आणि उरलेले पैसे माझ्या हातात दिले.

"वहिनी, उचल फिटली."