कमलबाईचं राहिलेलं रडणं

रडणंसुद्धा शिकावं लागतं असं म्हटलं की शहरातली माणसं हसतात. हसोत बापडी. कमलबाईला ते शिकावं लागलं होतं, आणि शिकवलं होतं लोहाऱ्याकडच्या माकणीत, माहेरी शेजारी राहणाऱ्या लक्ष्मम्मानं. लक्ष्मम्माचं माहेर कर्नाटकातलं, बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. पण मयताच्या दारात बसून, पदर डोक्यावर ओढून तिनं गळा काढला की अख्खी आळी गप्प व्हायची. मेलेल्याला ती हाका मारायची, त्याच्याशी बोलायची, त्यानं कुणाला काय दिलं, कुणाचं काय सोसलं, सगळं हेल काढून सांगायची. लहानगी कमल तिच्या पाठीशी बसून ऐकायची.

"नुस्तं पाणी काढू नगं डोळ्यातलं," लक्ष्मम्मा तिला सांगायची. "पाणी कांदा चिरला तरी येतंय. मेल्यालं माणूस आजून दारातच हाय बग. त्येला ऐकू जायलंय. काय बोलायचं ऱ्हायलं आसंल ते बोलून घी."

आणि एक रीत होती. रडणाऱ्या बाईला अडवायचं नाही. ती रडता रडता सासूचं गाऱ्हाणं सांगो, दिराचं पाप काढो, मयताच्या दारात सगळं माफ. तिला आवरायचंच तर दुसऱ्या बाईनं गळ्यात पडून आवरायचं. पुरुषानं मध्ये तोंड घालायचं नाही.

लग्न होऊन कमलबाई भूमकडच्या ईटला आली. जिल्हा एकच, पण लोहाऱ्याकडची बोली भूमकडं पोचेपर्यंत परकी होते. ईटचं माणूस 'काय करताय' म्हणायचं, हिच्या तोंडी 'काय करायलाव'. दचकली की लक्ष्मम्मासारखं कानडी 'यव्वा!' म्हणायची. झालं. सासरी तिचं नावच 'यव्वा' पडलं. सगळ्यात पुढं थोरली जाऊ कस्तुराबाई. "ए यव्वा, गाऊ नकु, बोल," म्हणून ती चार बायांत हिला हसायची. माकणीचे लोक तरी कुठं कमी होते? ते म्हणायचे, भूमकडचे बोलत नाहीत, धोंडे मारतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही गोष्ट बोलीच्या बाबतीत जेवढी खरी तेवढी पोरांच्या बाबतीतही नसेल.

हसला नाही तो एक तिचा नवरा, आबाराव. म्हणजे आधी चेष्टाच करायचा. रानातून आला की दारातूनच ओरडायचा, "कमळे, काय करायलाव?" पण चेष्टा करता करता ती बोली त्याच्या जिभेला चिकटली. उभा जन्म ईटमध्ये काढलेला माणूस, घरात मात्र माकणीचं बोलायचा. गावातले त्याला म्हणत, आबाराव सासुरवाडीला दत्तक गेला. तो म्हणायचा, "गेलो तर गेलो, तुमाला काय तरास हाय?"

पुढं सासू वारली. ईटच्या बाया आपल्या रीतीनं हुंदके देऊन मोकळ्या झाल्या. कमलबाई उंबऱ्यात बसली आणि तिनं गळा काढला. ज्या सासूनं तिला छळलं तिचा छळही सांगितला, आणि बाळंतपणात तिच्याच हातचं खाऊन आपण जगलो तेही सांगितलं. तेव्हा सगळ्यात आधी तिच्या गळ्यात येऊन पडली ती कस्तुराबाई. त्या दिवसापासून ईटमध्ये कुणाकडंही मयत झालं की आधी कमलबाईला निरोप जायचा. मराठ्यांच्या वाड्यात, बौद्धवाड्यात, सगळीकडं ती गेली. जिला बोलण्यावरून हसले, तिच्या बोलीत आपल्या माणसाला निरोप द्यायला गाव शिकलं.

आता तिच्या पोराकडं येतो. येताना माझं डोकं तापतं, पण यावंच लागेल.

कृष्णराज एकुलता एक. हुशार. शिकायला पुण्याला गेला, तिथं वसतिगृहात 'मी जेवायलोय' म्हणाला तर पोरांनी महिनाभर त्याला 'जेवायलोय' म्हणून हाक मारली. त्यानं सोसलं, हे मान्य. पण सोसलेल्या माणसानं करावं काय? त्यानं आपली जीभ घासूनपुसून लख्ख केली, इतकी की आईचा वासही उरला नाही. धाराशिवला प्राचार्य झाला. बंगला बांधला. आई तिथं गेली की त्याची बायको राजेश्वरी पाहुण्यांसमोर पटकन म्हणायची, "आई, तुम्ही आत बसा, मी चहा आणते." राजेश्वरी वाईट नव्हती. नवऱ्याला काय बोचतं ते तिला माहीत होतं एवढंच.

आबाराव गेले ते धाराशिवच्या दवाखान्यात. मयत ईटला न्यायच्या आधी कृष्णराजनं ते बंगल्यावर आणलं. म्हणे स्टाफला दर्शन घ्यायचंय. कमलबाईला कुठल्या स्टाफचं काय पडलंय? ती नवऱ्याच्या उशाशी बसली, पदर ओढला आणि तिनं हाक मारली, "आवो, कुठं निघालाव वो मला न सांगता..."

एवढंच. पहिलीच ओळ. कृष्णराज वाकला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "आई, पुरे. लोक बघतायत. इथं असलं नको." तिनं ऐकलं नाही. तेव्हा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला, दंडाला धरून तिला उठवलं, राजेश्वरीनं आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. रडणाऱ्या बाईला, नवऱ्याच्या मढ्यावरून, पोटच्या पोरानं!

आतून तिला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी माईकवर श्रद्धांजली वाचत होतं. "कैलासवासी आबारावांच्या निधनाने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." पोकळी म्हणे! ज्यानं तो कागद वाचला त्यानं आबारावांना जिवंतपणी बघितलंही नव्हतं. आणि जिला बोलायचं होतं ती दार बडवून थकून फरशीवर बसून पदर तोंडात कोंबत होती. ईटला नेईपर्यंत तिचा आवाज बसला होता. बाया गळ्यात पडल्या, पण हिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. लोकांनी घास पुढं केला, तो कडू घासही तिनं घेतला नाही. मयताच्या घरी पहिल्यांदा जे अन्न पोटात जातं ते रडून झाल्यावर जातं. हिचं रडणं झालंच नव्हतं.

त्यानंतर कमलबाई कुणाच्याच मयताला रडली नाही. बोलवायला आले की म्हणायची, "ज्येच्यासाठी रडायचं त्येच्यासाठी रडू दिलं न्हाय. आता दुसऱ्याच्या दारात काय बोंबलू?" गाव हळहळलं. पण राग तिचा होता आणि तो खरा होता.

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस कृष्णराजची गाडी ईटला दारात उभी राहिली. उत्साह तर काय विचारू नका. कॉलेजात बोली महोत्सव भरवायचा होता. जिल्ह्याच्या चारी कोपऱ्यांच्या बोली एका व्यासपीठावर. घोषवाक्यही त्यानंच काढलं होतं, 'माझी बोली, माझा अभिमान'.

"आई, आपली भाषा मरायला लागलीय," तो म्हणाला. "जपली पाहिजे. माकणीकडची बोली आणि ते मयताचं रडणं, दोन्ही येणारी तूच उरलीस. स्टेजवर करून दाखव. पाच-सात मिनिटं."

कमलबाई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "कुणाचं मयत हाय?"

"मयत कुणाचंच नाही गं. नमुना म्हणून."

शेजारी बसलेली कस्तुराबाई उसळली. "आरं, रडणं काय नमुना म्हणून दावायचं आसतंय व्हय? कुणी मेलं नसताना दारात गळा काढला तर घरातलं मानूस जातंय म्हणत्यात! शिकलास का हुकलास?"

"काकू, ही अंधश्रद्धा आहे," प्राचार्य म्हणाले.

कमलबाईनं पोराकडं बघितलं. याला आठवत नसेल का? आठवत होतं. पण त्याच्या लेखी ते प्रकरण वेगळं आणि हे वेगळं. तिकडं ती आई होती, इकडं ठेवा होती. ठेवा कपाटात शोभतो.

"येते," ती म्हणाली. "माईक दिशील न्हवं हातात?"

"देणार ना! मीच सूत्रसंचालन करतोय."

कस्तुराबाईला मात्र ती नंतर म्हणाली, "आक्का, माझं रडणं आजून आडकलंय इथं. कुठं तरी मोकळं व्हायलाच पायजे. त्येनंच आडिवलं, त्येच्याच म्होरं व्हायचंय." मग कस्तुराबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि तीही निघाली.

महोत्सव दणक्यात भरला. खुर्च्यांना कव्हरं, जेवणात जिलेबी. भूम-परांड्याकडच्या बाया एका बाजूला, लोहारा-उमरग्याकडच्या दुसऱ्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच त्यांची जुंपली. जिल्ह्याची खरी बोली कुणाची? "तुमी निम्मं कानडी बोलताय," असं इकडच्यांनी म्हटलं की तिकडच्या म्हणायच्या, "आन तुमी तर नगरचं उसनं आनलाव!" भांडत होत्या, पण आपापल्या तोंडानं भांडत होत्या. तेवढाच काय तो त्या दिवसातला खरा महोत्सव. कारण माईकवर बोलीचा अभिमान सांगायला जो कुणी आला तो पुस्तकासारखाच बोलला.

कमलबाईचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली आणि बघते तर काय, मध्यभागी सतरंजीवर एक लोड आडवा ठेवून त्यावर पांढरी चादर घातलेली. वर झेंडूचा हार. उशाशी उदबत्ती. वातावरणनिर्मिती म्हणे! सभागृहात दोघं-तिघं हसलेही.

कमलबाईनं हार उचलून बाजूला ठेवला, चादर ओढून काढली आणि लोड पायानं सारला. रिकाम्या सतरंजीजवळ ती बसली. पदर डोक्यावर घेतला.

"आवो, कुठं निघालाव वो मला न सांगता,
भाकरी थापून ठिवली, न जेवता निघालाव वो...
माकणीची कमळी आनलाव, गाव हासलं,
तुमी माझं बोलनं उचलून घेतलाव वो माझ्या धन्या...
रानातून येताव, दारातनं हाक मारताव,
आता मला 'काय करायलाव' कोन म्हनंल वो...
तुमाला निजिवलं भायेर, मला कोंडलं आत,
म्या दार बडवायले, लेकानं दार न्हाय उघडलं वो...
लोकं बघायलेत म्हनला, माझ्या तोंडावर हात ठिवला,
त्येच तोंड आता माईकवर आनलंय बघा वो तुमच्या लेकानं..."

पहिल्या दोन ओळींना लोक कौतुकानं माना डोलवत होते. मग माना थांबल्या. प्राचार्यांचा चेहरा उतरला. ते पुढं झाले, हात माईककडं गेला. तेवढ्यात लोहाऱ्याकडची एक दांडगी बाई खुर्चीतून उठून कडाडली, "सर, हात लावू नगा! रडनाऱ्या बाईला आडवीत नसत्यात, ठावं न्हाय का?" भूमकडच्या बायांनीही तोच गलका केला. कृष्णराज हात तसाच घेऊन उभा राहिला.

कमलबाई सगळं बोलली. दवाखान्यातली शेवटची रात्र सांगितली. आबारावांनी शेवटचं पाणी कुणाच्या हातून घेतलं ते सांगितलं. 'पोकळी' वाचणाऱ्यालाही सोडलं नाही. शब्द संपले तेव्हा नुसता हेल उरला, आणि कस्तुराबाई स्टेजवर चढून तिच्या गळ्यात पडली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून हमसून हमसून रडल्या.

आणि सभागृहात टाळ्या वाजल्या.

आधी एक, मग दहा, मग सगळं सभागृह. मागची पोरं तर उभी राहून वाजवत होती, मोबाईल वर धरून. आणि कृष्णराज? त्यानं एकेक शब्द ऐकला होता, एकेक शब्द त्याला कळला होता. त्यानं रुमालानं चेहरा पुसला, माईक घेतला आणि म्हणाला, "ही आहे आपल्या बोलीची ताकद! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

कमलबाई उठली. बसलेल्या आवाजात, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली.

"बापाच्या मढ्यावर टाळ्या वाजिवतो व्हय रं?"

टाळ्या बंद पडल्या. शाल घेऊन आलेली मुलगी होती तिथंच थांबली. कृष्णराजनं हातातला कागद बघितला. मग म्हणाला, "यानंतर... यानंतर जळकोटचा संघ आपली कला सादर करेल."

जळकोटचा संघ काही आला नाही. कारण बाया उठल्या होत्या. मघाशी भांडणाऱ्या, इकडच्या न् तिकडच्या, सगळ्या. रडलेल्या बाईला एकटं सोडत नसतात. त्यांनी कमलबाईला बाहेर लिंबाखाली नेलं, हातापायांवर पाणी घातलं, तोंड धुवायला लावलं. कस्तुराबाईनं फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि कमलबाईच्या तोंडाशी धरला. कमलबाईनं तो खाल्ला. मग प्रत्येकीनं एकेक घास घेतला.

कृष्णराज मागोमाग आला होता. हातात ती शाल. लांबच उभा होता, जवळ यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. कस्तुराबाईला त्याची दया आली. पोरगं तिच्याही अंगाखांद्यावर वाढलेलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्याकडं हात लांबवला.

कमलबाईनं तो हात धरला.

"त्येला दिऊ नगा, आक्का," ती म्हणाली. "त्यो आजून रडला न्हाय."