तक्त्याची शेवटची ओळ

कारखान्याच्या कंपाउंडरने तो तक्ता आमच्या वर्गात टांगला तो सोमवार होता आणि डॉक्टर येणार होते शनिवारी. मधले पाच दिवस तक्ता भिंतीवर राहिला. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या पाच दिवसांत आहे, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आलो. तक्त्यावर खापर फोडलं की बरं वाटतं. तक्ता काही उलट बोलत नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरी-चिंचवडच्या माळावर तेव्हा एकेक शेड उभी राहत होती. आमच्यासारखी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं त्या शेडच्या बांधकामावर राबत आणि जुन्या गावातली माणसं कुंपणाबाहेर उभी राहून आपल्याच वावरात काय चाललंय ते बघत. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली होते. माझा वर्गसोबती नदीकाठच्या जुन्या घरातला. त्याच्या घरचं सगळ्यात चांगलं रान त्याच कारखान्याच्या कुंपणात गेलं होतं. लोकल बोर्डाच्या शाळेत आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावर, म्हणजे बाक येईपर्यंत एका तरटावर, बसत आलो.

आम्ही सातवीत असताना कारखान्याचे मॅनेजर स्वतः शाळेत आले. हेडमास्तरांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि आपण उभे राहिले. साहेबांचं म्हणणं असं, की दरवर्षी सातवीची फायनल पास झालेली आठ मुलं कारखाना उमेदवार म्हणून घेईल. तीन वर्षं काम शिकवील, कपडे देईल, दुपारचं जेवण आणि दूध देईल. शाळेने त्यांना शनिवारी गणित आणि नकाशा वाचणं शिकवायचं. शाळा आणि कारखाना मिळून मुलं घडवू, असं ते म्हणाले. विचार चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

कारण आमच्या शाळेला एकच विद्या येत होती. दिप्टीसाहेब तपासणीला यायचे म्हटलं, की आठ दिवस आधी तालीम सुरू. कोणता प्रश्न आला की कोणी हात वर करायचा हे ठरलेलं असे. भिंतीवर जे जे टांगलं जाई ते ते पाठ व्हायचं. हेडमास्तर वाईट नव्हते. आमच्यातला एकही पोरगा नापास होऊ नये म्हणून ते जिवाचं रान करत. कंपाउंडर तक्ता टांगून एवढंच म्हणाला, “शनिवारी डॉक्टर मुलांना तपासायला येतील.” हेडमास्तरांनी ‘तपासायला’ एवढंच धरलं असावं. मंगळवारी सकाळी प्रार्थना संपली आणि त्यांनी छडी तक्त्याच्या पहिल्या अक्षरावर ठेवली.

वर एक मोठा ‘न’. खाली ‘ट प’. त्याखाली ‘ल म र’. अशी अक्षरं बारीक होत होत शेवटची ओळ मुंगीएवढी. पाढ्यांच्या चालीवर आम्ही ती म्हणू लागलो. गुरुवारपर्यंत धाकट्या वर्गातली पोरंही खेळताना म्हणू लागली.

मला तक्ता दिसत नव्हता. ‘न’ दिसे, ‘ट प’ अंदाजाने, पुढे सगळा धुरळा. हे मला कधी विशेष वाटलं नव्हतं. झाड लांबून म्हणजे हिरवा ढीग, जवळ गेलं की पानं, असंच सगळ्या जगाला दिसतं अशी माझी समजूत. ती त्याच उन्हाळ्यात सोबत्याने मोडली होती. नदीच्या अलीकडच्या काठावर आम्ही बसलो होतो. तो म्हणाला, “काळेवाडीच्या अंगाला म्हशी किती हायत, मोज बरं.” मी विचारलं, “कुठल्या म्हशी?” तो पोट धरून हसला आणि मग वळून माझ्या डोळ्यांत बघू लागला.

“तुला दिसतच न्हाई व्हय रे?”

“दिसतं की. जवळचं दिसतं.”

“कुनाला सांगू नगं मग,” तो म्हणाला. एवढ्याशा वयातही त्याला कळत होतं, की कारखान्याच्या दारात व्यंग घेऊन जायचं नसतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याने मला थांबवून घेतलं. हातात काटकी घेऊन तो एकेक ओळ दाखवायचा आणि मी लांब उभा राहून म्हणायचो. काटकी कुठे आहे हेही मला दिसत नव्हतं, पण क्रम डोक्यात पक्का होता. हेडमास्तर दारातून बघत होते. ते आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “एक जरी नापास झाला, तर कारखाना पुढच्या वर्षी आपल्या दारात उभा राहणार नाही. पाठीमागे लहान पोरं आहेत, ध्यानात ठेव.” त्यांना माझ्या डोळ्यांचं ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. मी त्यांना कधी विचारलं नाही.

शनिवारी डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते. बरोबर शिपायाच्या डोक्यावर एक लाकडी पेटी होती. पेटीत सुया असणार असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि ती उघडायची वेळ येऊ नये म्हणून आपापले देव आठवले. निवडलेल्या आम्हा आठही जणांनी तक्ता वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. डॉक्टर हसले. “अशी शाळा मी पाहिली नाही,” ते म्हणाले. हेडमास्तरांची छाती फुगली. पेटी न उघडताच परत गेली आणि आम्ही सुटलो म्हणून नाचलो.

कारखान्यातले पहिले सहा महिने मी राजा होतो. लोखंडावर कानस मारायचं काम डोळ्यापाशी असतं. तळेगावाहून रेल्वेने येणारे आमचे फोरमनसाहेब बोलायला कडक, पण माझी कानस बघून दोनदा ‘हं’ म्हणाले होते. त्यांच्या तोंडचा ‘हं’ म्हणजे शाबासकीच. दूध मिळत होतं, नवा खाकी सदरा होता. घरी आई मला आधी वाढायची. डोळ्यांचं मी जवळजवळ विसरलोच होतो.

मग नवी शेड सुरू झाली आणि फोरमनसाहेबांनी आम्हा दोघांना विंचवर टाकलं. विंच म्हणजे हाताने फिरवायचा लोखंडी रहाट. शेडच्या एका टोकाला मी रहाटापाशी, दुसऱ्या टोकाला, पंचवीस-तीस पावलांवर, सोबती. मधे वरच्या तुळईवरून तारेच्या दोराने बिडाचा जड सांगाडा लोंबत असायचा. खाली लाकडी ठोकळे रचायचे आणि सांगाडा त्यांवर अलगद उतरवायचा. ठोकळे सोबती सरळ करायचा, ब्रेक माझ्या हातात. आवाज इतका, की बोलणं ऐकू येत नसे, म्हणून हाताच्या खुणा. मूठ म्हणजे थांब. पंजा म्हणजे सोड.

खुणा समजावून घेताना मी शेडच्या त्या टोकाला सोबत्याकडे पाहिलं. त्याच्या हाताच्या जागी मला खाकी बाहीच्या टोकाला एक फिकट ठिपका दिसत होता. मूठ असो नाहीतर पंजा, ठिपका तो ठिपकाच.

मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. फोरमनसाहेबांच्या टेबलापर्यंत मी गेलोही. त्यांनी वर पाहिलं आणि मी म्हणालो, “साहेब, ब्रेकला तेल पाहिजे.” घरी आईने आधी वाढलेलं ताट डोळ्यांपुढे आलं, हेडमास्तरांची ती पाठीमागची लहान पोरं आली. भित्र्या माणसाला सबबींचा कधी तोटा पडत नाही.

सोबत्याने तोड काढली. “हे बघ, मी अख्खा हात वर केला की थांब. आडवा केला की सोड. तेवढं दिसतंय न्हवं?”

तेवढं दिसत होतं. महिनाभर आम्ही तसं काम केलं आणि एकही सांगाडा वाकडा उतरला नाही. पण ताटातलं अर्धं मी रोज मागे ठेवू लागलो. रोज सकाळी भोंगा झाला की वाटायचं, आज. संध्याकाळी वाटायचं, आज नाही झालं. वडिलांनी विचारलं, पोरा, तू असा सुकत का चाललास? मी म्हणालो, शेडमध्ये उकडतं. सोबती मात्र निर्धास्त होता. माझ्यावर त्याचा इतका भरवसा होता, की मला त्याचीच भीती वाटू लागली.

त्या दिवशी हेडमास्तर पुढच्या वर्षीची पोरं घेऊन कारखाना दाखवायला आले. धुतलेले सदरे, तेल लावलेले केस, तोंडं उघडी. हेडमास्तरांनी आम्हाला लांबूनच दाखवलं असावं, कारण पोरं आमच्याकडे बघून कुजबुजली. फोरमनसाहेब आधी सोबत्यापाशी गेले, मग माझ्यापाशी आले. दोघांनाही एकच सांगितलं, “आज तुमचे ते हातवारे नकोत. पोरं शिकायला आली आहेत. खुणा नीट करा.”

सोबत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं असणार. मला त्याचा चेहरा दिसला नाही.

मी सांगाडा खाली घेऊ लागलो. ठोकळ्यांपासून वीतभर अंतर राहिलं आणि त्याचा डावा हात पुढे आला, कोपरात दुमडलेला, कारखान्याच्या रीतीप्रमाणे. बाहीच्या टोकाला ठिपका. मी डोळे बारीक केले. ठिपका मला जरा मोठा वाटला. मी थांबलो. मागून फोरमनसाहेबांचा आवाज आला, “काय बघतोस? खूण दिसली ना?” पोरं बघत होती. हेडमास्तर बघत होते. आयुष्यभर जे केलं होतं तेच मी केलं. दिसलं नाही तिथे अंदाज केला आणि ब्रेक सोडला.

तो ओरडला ते विंचच्या आवाजातही ऐकू आलं. त्याचा उजवा हात ठोकळ्यावर होता. ठोकळा तिरका झाला होता आणि तो सरळ करत होता, म्हणून त्याने मूठ दाखवली होती. मी उलटा रहाट किती वेळ फिरवला मला माहीत नाही. पोरांपैकी एक तिथेच ओकलं. हेडमास्तर पोरांना बाहेर न्यायचं सोडून भिंतीला धरून उभे राहिले.

तीन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी मला दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. हेडमास्तर कोपऱ्यात बसले होते. फोरमनसाहेबांनी कागद वाचला. सोबत्याने खाटेवरून जबानी दिली होती, “पंजा मीच दाखवला, चूक माझी.” म्हणजे त्याची बोटंही गेली होती आणि आता दोषही त्याच्याच माथी बसणार होता. निष्काळजी म्हणून त्याला काढून टाकतील, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. हेडमास्तर जमिनीकडे बघत होते.

“तुला पंजाच दिसला ना?” डॉक्टरांनी विचारलं.

तोच तक्ता तिथे भिंतीवर होता. मी म्हणालो, “साहेब, मी तक्ता वाचून दाखवू?” ते गोंधळले, पण मान हलवली. मी तक्त्याकडे पाठ केली आणि म्हणू लागलो. न. ट, प. ल, म, र. पाढ्यांच्या चालीवर, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अक्षर न चुकता.

मग डॉक्टर उठले, कपाटातून ती लाकडी पेटी काढून टेबलावर ठेवली आणि उघडली. आत सुया नव्हत्या. तारेच्या काड्यांचे चष्मे होते, कागदात गुंडाळलेले, आणि भिंगांच्या चकत्या.

“ज्याला दिसत नसेल त्याला चष्मा द्यायचा, म्हणून मी आलो होतो,” डॉक्टर म्हणाले. “नापास कोणाला करायचंच नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी आधीच मंजूर करून ठेवले होते हे.”

हेडमास्तरांनी तोंडाला धोतराचा सोगा लावला. “मला वाटलं, परीक्षा आहे,” ते म्हणाले. शाळेने आम्हाला कारखान्याच्या दारापर्यंत पोचवलं होतं. फक्त आमच्याविषयी जे खरं होतं ते आत पोचू दिलं नव्हतं, आणि आत काय ठेवलंय हे आम्हाला कारखान्याने सांगितलं नव्हतं. मला त्या दोघांचाही राग आला. माझा स्वतःचा राग यायला आणखी थोडा वेळ लागला.

सोबत्याला काढलं नाही. हात बरा झाला की सामानाच्या कोठीवर घेऊ, असं मॅनेजरसाहेबांनी लिहून दिलं. मला तिथल्या तिथे भिंगं लावून बघितली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. शेजारीच खाटांची लांब खोली होती. मी दारात उभा राहिलो. खिडकीबाहेर कडुलिंब होता आणि त्याची पानं वेगवेगळी दिसत होती. शेवटच्या खाटेवर तो बसला होता. एवढ्या लांबून त्याचा चेहरा मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. त्याच्या वरच्या ओठावर नुकती लव आली होती.

त्याने चष्मा पाहिला आणि हसला. मग फडक्यात गुंडाळलेला उजवा हात हळूच वर केला.

“आता दिसतंय न्हवं?” तो म्हणाला. “मग सांग बरं. मूठ हाय का पंजा?”

मला सगळं स्वच्छ दिसत होतं. फडक्याबाहेर दोनच बोटं होती.