पासपोर्टावरचं कुंकू

ती माणसं आमच्या घरी दोनदा आली. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पुरुषमाणसांसमोर मला बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायला जमतं, आणि हे लिहिलेलं कुणाला दाखवायचंही नाही.

पहिल्यांदा आली तेव्हा माझी मुलगी नर्सिंग पास होऊन सांगलीच्या दवाखान्यात नुकतीच लागली होती. स्थळ माझ्या नणंदेने आणलं होतं, साताऱ्याकडचं, भरपूर ऊस असलेलं. मुलाच्या आईने विचारलं, "रात्रपाळी असती काय? बाप्यामाणसांनाबी हीच पुसती?" मुलगी म्हणाली, "आजारी असला की पुसते." त्या बाईने पुढ्यातला चहा हातात घेतला नाही. त्यावर साय धरली. मग नणंदेकडून निरोप आला, की लोकांची घाण काढलेले हात आमच्या देवघरात नकोत.

मुलगी हसून म्हणाली, "आई, त्यांच्या घरात कुणी आजारी पडत न्हाई वाटतं." मला हसू आलं नाही. मी त्या बाईची कपबशी राख लावून दोनदा घासली.

पुढे मुलीने जर्मनीला जायचं ठरवलं. ड्युटी संपली की भाषेच्या क्लासला जायची. आमच्या गावी, कुंडलला, घरी आली की कोथिंबीर निवडताना ते शब्द पुटपुटायची, तोंडात गरम बटाटा असल्यासारखे. परीक्षा पास झाली. तिकडच्या एका दवाखान्याने नोकरी देतो म्हणून कळवलं. आता मुंबईला व्हिसाची तारीख होती, पुढच्याच आठवड्यात.

बातमी साताऱ्याला पोचली आणि तीच माणसं नणंदेसोबत पेढे घेऊन आली. मुलाच्या आईने ह्या वेळी दोन कप चहा घेतला. वर म्हणाली, "पोरीच्या हाताला काय चव हाय." चहा मी केला होता.

रात्रपाळीचं कुणी काढलं नाही. मुलाने विचारलं, "नवऱ्याला लगेच नेता येतं का?"

मुलगी म्हणाली, "त्याचा व्हिसा वेगळा. बहुतेक भाषेची परीक्षा त्यालाही द्यावी लागंल. आणि माझं शिक्षण तिथं मान्य होईपर्यंत मीच मदतनीस म्हणून राबणार. तिथंही अंग पुसायचंच हाय."

"पुसंना का, युरोमधी पुसती नव्हं?" मुलाचा बाप म्हणाला, आणि सगळे हसले. "तर मग आधी कोर्टात रजिस्टर करून टाकू. हळदीचं काय, सावकाश."

बैल घेतानासुद्धा माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. इथे मुलीकडे कुणी धड बघतही नव्हतं.

"पासपोर्ट बघू तरी," मुलाची आई म्हणाली. आमच्या ह्यांनी कौतुकाने कपाटातून काढून दिला. मुलगी कप विसळायला आत आली होती. पेढ्याच्या तेलकट बोटांनी पासपोर्ट हातोहात फिरला. "व्हिसा कुठं चिकटवत्यात रं?" बाईने लेकाला विचारलं. त्याने कोरं पान उघडून दाखवलं. नणंदेने मुलीला लावायला म्हणून हळदी-कुंकवाचं ताट आणून ठेवलं होतं. त्या बाईने बोट ओलं केलं, आणि मुलीला लावायचं कुंकू त्या पानावर लावलं. वर हळद. "लक्ष्मी हाय ही," म्हणून हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी जोडले.

मुलगी बाहेर आली, पान बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. तशी बाईने पदर ओला करून पान पुसलं. कागद चुरगळला. लाल रंग पसरला आणि मागच्या पानावर उतरला.

"वाळलं की जातंय," मुलाचा बाप म्हणाला.

"न्हाई जात," मुलगी हळूच म्हणाली. "असला पासपोर्ट चालायचा न्हाई. नवा काढावा लागंल. तारीख गेली."

"म्हणजे आता जाणं कॅन्सल?" मुलाने विचारलं. चुकलं, असं कुणी म्हणालं नाही. "बघू मग, बोलू नंतर," म्हणत सगळे उठले. मुलाच्या आईने उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स उचलून पिशवीत टाकला.

पासपोर्ट ऑफिसातल्या माणसाने मुलीला विचारलं, हे काय सांडलं? ती म्हणाली, कुंकू. तो म्हणाला, "गाडीला लावलेलं बघितलंय ताई, ह्याला पहिल्यांदाच." तिकडच्या दवाखान्याने थांबायची तयारी दाखवली. नवा पासपोर्ट आला, नवी तारीख मिळाली. ती मुंबईला निघाली त्या सकाळी मी देवाला कुंकू लावलं, तिला लावलं, आणि तिची पिशवी उचलायच्या आधी साबणाने हात धुतले.

व्हिसा लागला. दोनच दिवसांत नणंदेचा फोन आला.

"वयनी, लागला म्हणं व्हिसा. ती माणसं परत यायची म्हणत्यात. ह्या वेळी कशाला हात लावणार न्हाईत."

फोनवर मी एरवी व्हय-न्हाईच्या पुढे जात नाही. त्या दिवशी म्हणाले, "वन्सं, त्यांना सांगा, माझी पोरगी तिकडंबी लोकांची घाणच काढणार हाय. त्यांच्या देवघरात चालायचं न्हाई."

नणंद म्हणाली, "तुला कवापासनं बोलाय याय लागलं?" आणि फोन ठेवला. तिचा राग अजून गेलेला नाही. मुलीची बॅग भरून झाली आहे. पेढ्याचा वास आला की मला अजूनही तोंड फिरवावं लागतं.