कात्री चालली तरच

आमच्या ह्यांची जीभ कात्रीला बांधलेली आहे, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. घरात विचारलं तर हो नाहीतर नाही. पुढच्या खोलीत दुकान. तिथं गिऱ्हाइकाच्या डोक्याला हात लागला की तोंडाचा पट्टा सुरू. चाळीस वर्षं संसार मी केला आणि गप्पा गिऱ्हाइकांनी ऐकल्या.

लेक परदेशात. सात वर्षांच्या नातीला फक्त तिकडची भाषा येते. त्या दोघी आठ दिवस येणार म्हटल्यावर ह्यांनी मनावर घेतलं. "फोनवर पोर नुसती बघत बसते माझ्याकडे. यंदा बोलणार मी तिच्याशी."

मग फोनमधल्या शिकवणीच्या बाई एक वाक्य म्हणायच्या, की हे आरशात तोंड वेडंवाकडं करून तेच म्हणायचे. आणि सराव गिऱ्हाइकावर. गालाला साबण, गळ्याशी वस्तरा. माणूस पळणार कुठं? पोस्टमास्तरांना सहा महिने एकच प्रश्न, तुला कोणता प्राणी आवडतो. शेवटी तेही बिचारे त्याच भाषेत "हत्ती" म्हणायला लागले.

नात आली. हे दारात उभे, तोंड उघडं, शब्द नाही. पोरगी बघतेय, हे घाम पुसतायत. सगळं मुसळ केरात. मला राग आला तसं वाईटही वाटलं, कारण माणूस जेवला नाही. शेवटी मीच पोरीला दुकानातल्या खुर्चीवर फळी टाकून बसवलं आणि ह्यांच्या हातात कात्री दिली. "जरा शेंड्या कापा तिच्या."

कात्री वाजली आणि शब्द आले की हो. पोरगी आरशातून उत्तरं देतेय, मग खिदळतेय, मग तीच विचारतेय. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे भरून आले.

पण नातीसाठी दुकान आठ दिवस बंद ठेवलेलं, त्यामुळे डोकं ते एकच. माझ्या केसांना मी कधी हात लावू दिला नाही, आता काय देणार. रोज सकाळी पोरगी आपणहून खुर्चीत. कमरेपर्यंतचे केस तिसऱ्या दिवशी खांद्यावर, पाचव्या दिवशी कानावर. लेक भडकली. "बाबा, शाळेत काय सांगू मी?" होत्या नव्हत्या त्या सगळ्या कात्र्या तिनं पर्समध्ये टाकल्या. पुढचे दोन दिवस आजोबा-नात समोरासमोर बसून होती, मुकी.

निघायच्या दिवशी नात आईपाशी काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणतेय?

"आजोबांची हत्तीची गोष्ट अर्धीच राहिली म्हणते."

लेकीनं पर्स उघडली. कात्री काढून तिनं ह्यांना दिली, खुर्चीत बसली आणि अंबाडा सोडला. "शेंड्याच तेवढ्या, बाबा. आणि गोष्ट आटोपती घ्या."

गोष्ट लांबली. लेक मध्ये एकदाही थांबा म्हणाली नाही. विमानाला निघाल्या तेव्हा मायलेकींचे केस एकाच मापाचे होते.