गोळीआधीचं नाव

मावशीच्या वृद्धाश्रमात सिस्टर गोळी देण्याआधी प्रत्येकीला पूर्ण नाव विचारतात, एकीची गोळी दुसरीच्या पोटात जाऊ नये म्हणून. एरवी तिथे सगळ्याच नुसत्या आजी. नावानं हाक मारणारे एकेक करून जातात, मग माणसाचं असंच होत असावं. मावशी मात्र पदर सावरून सावकाश सांगते, "सुमती गजानन लेले." तेवढ्यापुरते काकाही खोलीत येऊन जातात.

काल मी भेटायला गेले, तर डॉक्टरांनी तिची दुपारची गोळी बंद केलेली.

"बरं झालं, एक गोळी सुटली," मी म्हटलं.

ट्रॉली आली. "आजी, तुम्हाला आता काही नाही हं," म्हणून सिस्टर पुढे गेल्या.

मावशीनं पदर सावरलेलाच होता. रिकाम्या दाराकडे बघत तिनं पूर्ण नाव सांगितलं.