ज्या पायाला दुखलंच न्हाई

डॉक्टरनं तळपायाला टाचनी लावली अन् इचारलं, "आजी, टोचतंय का?" म्या म्हनलं, आदी टोचा तर. त्यो म्हनला, "चार वेळा टोचली."

तवा कळलं का उजवा पाय मेलाय. त्याला न्यूरोपथी म्हंत्यात. रक्तातल्या साखरेनं नसा मरत्यात, मग भाजलं-कापलं कळत न्हाई. मला साखर हाय ह्येबी त्याच दिशी कळलं. अंगठ्याला गँगरीन झालं व्हतं, म्हंजी मांस सडलं व्हतं.

माझी चूक सांगते, तुमी करू नगा. आमच्या कोळवणाकडं भाताच्या चिखलात उभं राहून पायाला भेगा पडत्यात. मग बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, त्याचं कडत त्याल भेगंत सोडायचं. भल्याभल्या वरडत्यात. अंगठ्याखालच्या भेगंत सोडलं तवा मी हूं का चूं केलं न्हाई. आळीतल्या बायांम्होरं त्याची बढाईबी मारली. आत पार भाजलं व्हतं.

सून मंगलला फरशीवर डाग दिसलं. म्हनली, "आत्या, पाय दाखवा. वास येतुया."

म्या म्हनलं, "माझं पाय बघनारी तू कोन? तुज्या म्हायेरचं बघ आदी."

पंधरा वर्सं तिची भाकरी, तिचं बोलनं, तिची झोप, समदं म्या बारीक बघितलं. सोताचा तळपाय बघितला न्हाई. आठ दिसांत ती माझ्या ल्योकाला घिऊन पिरंगुटला खोलीत राहायला गेली. म्या गावभर सांगितलं, हिनं ल्योक तोडला.

अंगठा काळा पडला तवा शेजारनीनं ल्योकाला फोन लावला. जीप घिऊन आली ती मंगलच.

पुन्यात दवाखान्यात अकरा दिस काढलं. रक्त झालं, फोटो झाला, डॉपलर झालं. डॉपलर म्हंजी पायात रक्त पोचतंय का बघायचं मशीन. बाकावर बसून नंबराची वाट बघायची. डॉक्टर म्हनला, "वर चढलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल." अंगठा अन् शेजारचं बोट कापलं, बाकी पाय ऱ्हायला.

माझं लघवीचं भांडं मंगलनं धरलं. शेजारच्या खाटंवरची बाई म्हनली, "लेक गुनाची हाय." म्या म्हनलं, सून हाय. मंगलनं वर बघितलं न्हाई.

सोडताना डॉक्टर म्हनला, "रोज संध्याकाळी तळपायाखाली आरसा धरून बघायचं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं धरून चालायचं नाही."

आता दिवा लावला का आरसा घेते. पाय बघून झाला तरी बसून ऱ्हाते. आज कुनाला काय बोलले त्ये आठवते. मंगलला म्या पंधरा वर्सं डागलं. मला दुखत नव्हतं, म्हनून वाटलं तिलाबी दुखत नसंल. ह्ये बघाया बोटं जावी लागली. बायांनो, तुमी येवढं थांबू नगा.

मंगल दर ऐतवारी येती, पट्टी बदलती. पाय ऱ्हायला त्यो तिच्यामुळं. परवा म्या म्हनलं, "मंगल, लई वंगाळ बोलले गं तुला. घरी ये."

तिनं कापूस तोडला. म्हनली, "आत्या, पायाचं मी करीन. राहायला येनार न्हाई." मग कापूस औशिदात बुडवून म्हनली, "पाय दाखवा."

म्या दाखवला.