सीलच्या आत दाभणमावशी

ट्रक यार्डात तिला सगळे दाभणमावशी म्हणायचे. नवरा ताडपत्र्या शिवायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि त्याचं दाभण, मेणाचा गोळा आणि त्याची आई असं सगळं तिच्या वाट्याला आलं. पहिल्या दोघांशी तिचं लवकर जमलं.

सासूबाईंचं कमरेखालचं अंग गेलेलं होतं, जीभ मात्र ठणठणीत. सकाळी त्यांचं सगळं उरकायचं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा, शेजारणीकडे किल्ली द्यायची आणि यार्ड गाठायचं. दुपारी धावत घरी, त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, की परत यार्ड. मूलबाळ नव्हतं. नणंद दोन स्टॉप पलीकडे राहायची, पण "माझी कंबर धरलीय गं वहिनी" म्हणून खाडकन फोन ठेवायची. मावशी कुठल्या लग्नाला गेली नव्हती की कुणाच्या घरी मुक्कामाला राहिली नव्हती. घर ते यार्ड आणि यार्ड ते घर, घाण्याला जुंपल्यासारखं.

यार्ड सरहद्दीच्या फाटकाला लागून होतं. तिनं ठिगळ लावलेले ट्रेलर कुठल्या कुठल्या देशांत जाऊन यायचे. ड्रायव्हर तिला सांगायचे, मावशी, तुमचा टाका बर्फातही उसवला नाही. ती म्हणायची, "टाक्याचं नशीब थोर. मला बाजारापर्यंत जायला परवानगी लागते."

या ट्रेलरांचं एक गणित होतं. माल भरला की ताडपत्री खाली ओढायची, कडेच्या कड्यांमधून लोखंडी दोर ओवायचा आणि दोराच्या टोकांना कस्टमचा साहेब सील ठोकायचा. मग वाटेत दोन देश लागोत की चार, कुणी माल उघडून बघत नाही, फक्त सील शाबूत आहे का ते बघतात. प्रत्येक फाटकावर माल उतरवून मोजत बसले असते तर बाळाचे बूट पोहोचेपर्यंत बाळाला मिशा फुटल्या असत्या. पण सील तुटलं किंवा ताडपत्री फाटली, तर माल जप्त आणि ड्रायव्हर आत. म्हणून तर मावशीच्या हाताला मान होता.

त्या दिवशी लंबूचा ट्रेलर निघायचा होता. लंबू म्हणजे तिच्या माहितीतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात घाबरट ड्रायव्हर. आत सायकलचे टायर भरलेले, आणि पुढच्या कोपऱ्यात वरच्या बाजूला ताडपत्रीला वीतभर चीर गेलेली.

"मावशी, पाच मिनिटांचं काम आहे. पाऊस लागला तर माझी वाट लागेल."

"तुझं पाच मिनिटांचं काम माझ्या कमरेला पाच दिवस पुरतं," असं म्हणत ती मागच्या बाजूनं आत शिरली आणि टायरांच्या गठ्ठ्यांवरून रांगत पुढं गेली. फोन चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावलेला. लंबू कागदांवर शिक्के घ्यायला गेला.

शेजारी एक थंड मालाचा ट्रक उभा होता, त्याचं मशीन घरघरत होतं. त्या आवाजात मावशीला बाहेरचं काही ऐकू येईना. ती आपली ठिगळ धरून टाके घालत होती. तेवढ्यात फाटकावरची रांग अचानक सुटली. पुढे चला, पुढे चला, असा ओरडा झाला. हमालांनी मागची ताडपत्री ओढली, दोर ओवला, साहेबांनी सील दाबलं. लंबू पळत आला, बंद ट्रेलर बघितला आणि मावशी काम उरकून गेली असं समजून स्टिअरिंगवर बसला.

आत एकदम अंधार झाला तेव्हा मावशीला वाटलं ढग आले. मग टायर हलले. ती ओरडली, फळीवर मुठी आपटल्या, शेवटी दाभणाच्या मुठीनं पुढच्या पत्र्यावर ठोकत राहिली. ट्रक थांबत, सरकत, पुन्हा थांबत होता. रबराच्या वासानं डोकं भणाणलं.

बऱ्याच वेळानं बाहेरून कुणीतरी ताडपत्रीवर थाप मारली.

"कोण आहे आत?" लंबूचा आवाज चिरकला होता.

"तुझी आजी! अरे, मी आहे. उघड आधी."

मग लंबू रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, आपण आपलं फाटक ओलांडलं. दोन्ही फाटकांच्या मधे आहोत आपण. एकच रस्ता, दोन्हीकडं कठडे, मागं गाड्याच गाड्या. मागं फिरायला जागाच नाही."

"मग मला उतरव."

"सील आहे."

मावशीच्या कमरेच्या पिशवीत सुरी होती. एक फराटा मारला असता की ती बाहेर. तिनं सुरी काढलीसुद्धा. लंबूला ते कसं कळलं देव जाणे, पण तो बाहेरून ताडपत्रीला बिलगल्यासारखा झाला. "मावशी, कापू नका. तुमच्या पाया पडतो. माझी दोन लेकरं आहेत. मी काय म्हणतो, गप्प बसा. तिकडचं फाटक पार झालं की उद्या गोदामात तुम्हाला गुपचूप उतरवतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

"उद्या? उद्यापर्यंत मी इथं भाजून निघेन. आणि वाटेत सापडले तर? माणसं चोरून नेतो म्हणून तुला आत टाकतील आणि माझा घरी पत्ता नाही." ती थांबली. "घरी! लंबू, घरी फोन लाव. शेजारणीला."

तिला नंबर पाठ होता. लंबूनं फोन लावला आणि आवाज वाढवून ताडपत्रीला टेकवला. शेजारणीला तिनं दोन वाक्यांत सांगितलं, तर शेजारणीनं फोन सरळ सासूबाईंच्या कानाशी नेला.

"कुठं उलथलीस? मी कधीची ओली पडलेय."

"मी ट्रकमध्ये अडकलेय, सासूबाई."

"कुणाच्या ट्रकमध्ये?"

"लंबूच्या."

"आता या वयात?"

बाहेर लंबूला हसावं की रडावं कळेना. मावशी मात्र हसली नाही. "शेजारीणबाई, वन्संना फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, कंबर घेऊन या."

फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "लंबू, ऐक. मी कापत नाही. पण लपूनही राहणार नाही. तिकडच्या साहेबाला, सील तपासायच्या आधी, तू तुझ्या तोंडानं सांगायचं की आत बाई आहे आणि कशी राहिली ते. कबूल?"

"माझी नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर मिळेल. कबूल?"

लंबू कठड्यावर डोकं टेकून बसला. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला तेव्हा उठला आणि म्हणाला, "कबूल."

मग लांब रांग सुरू झाली. हात हात ट्रक पुढं सरके. ऊन वर चढलं तसा आत तवा तापला. मावशीला श्वास पुरेना, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. ती रांगत कोपऱ्यात गेली आणि आपणच लावलेल्या ठिगळाचे टाके एकेक करून उसवले. चीर मोकळी झाली. तिनं तोंड लावून हवा ओढली, मग डोळा लावला. दुसऱ्या देशाचं तिला दिसलेलं पहिलं दर्शन म्हणजे चिखल, ट्रकच्या चाकाला टेकून झोपलेला एक माणूस आणि वाळत घातलेला पायजमा. ती बघत राहिली. फाटक जवळ आलं तसं तिनं ठिगळ पुन्हा शिवून टाकलं. टायर भिजायला नकोत.

लंबूनं शब्द पाळला. सील तुटलं, ताडपत्री वर गेली आणि मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर रबराची काजळी आणि केस पिंजारलेले. तिकडची साहेबीण दोन पावलं मागं सरली. तिनं मालाची यादी बघितली, प्रवाशांची बघितली.

"ही कशातच नाही," ती मोडक्या भाषेत म्हणाली.

"मी कधीच कशात नसते, बाई," मावशी म्हणाली. "पाणी द्या आधी."

टायरचे सगळे गठ्ठे उतरवून मोजले. लंबूला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले. माल पुरा भरला म्हणून तो सुटला, पण मालकानं त्याला सरहद्दीवरून काढून गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीवर टाकलं, आणि कित्येक महिने त्यानं मावशीला तोंड दाखवलं नाही.

मावशीला एका खोलीत ठेवलं. पासपोर्ट नाही, म्हणून पुढं जायचं नाही. बाहेर पडल्याचा शिक्का नाही, म्हणून मागं पाठवायलाही कागद हवा. खोलीत लोखंडी पलंग, बेसिन आणि गज लावलेली खिडकी. दाराला बाहेरून कडी. पहिली संध्याकाळ ती दारापाशीच उभी होती. सासूबाई ओल्या असतील, शेजारीण किती करेल, वन्सं आल्या असतील का. मग ती जरा टेकावं म्हणून आडवी झाली, ती सकाळी पहारेकरणीनं खांदा हलवून उठवेपर्यंत तिला शुद्ध नव्हती. इतक्या वर्षांत रात्रभर कुणाची हाक न येता ती अशी झोपली नव्हती. हे कळल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसून खूप रडली. पहारेकरणीला वाटलं, बाईला घरची आठवण आली.

कागद यायला आणखी एक दिवस गेला. परतीच्या ट्रकमध्ये तिला पुढच्या सीटवर बसवून धाडलं.

घरी आली तर नणंद दारातच बसली होती, डोळे सुजलेले, पदर ओला.

"वहिनी, तू रोज हे करतेस?"

"नाही. माझी जागा घ्यायला रोज पऱ्या येतात."

आतून सासूबाई ओरडल्या, "आली का ती ट्रकवाली?"

नणंद पिशवी उचलून निघायला लागली. मावशीनं तिची वाट अडवली. भांडली नाही. म्हणाली, "वन्सं, मला तिकडं कोंडून ठेवलं होतं आणि मला गाढ झोप लागली. बाहेरून कडी होती तरी. हे मी कुणाला सांगू?"

नणंदेनं ओला पदर पिळला. पिशवी खांद्यावर तशीच. मग म्हणाली, "रविवारी येईन मी. कंबर बरी असली तर."

कंबर बहुतेक रविवारी बरी असते. पहिल्या रविवारी मावशी घरातच घुटमळत राहिली, दर थोड्या वेळानं आत डोकावत, तेव्हा नणंदेनं हाताला धरून तिला बाहेर काढलं. कुठं जायचं ते तिला कळेना. ती स्टॉपवर उभी राहिली, आलेल्या बसमध्ये चढली, कंडक्टरला म्हणाली, "शेवटपर्यंत." शेवटच्या स्टॉपवर उतरून तिनं एक कप चहा घेतला आणि त्याच बसनं परत आली.

"झालं इतक्यात?" नणंदेनं विचारलं.

"पुढच्या वेळी दोन कप घेईन," मावशी म्हणाली आणि सासूबाईंची कूस बदलायला आत गेली.